छारानगरच्या मुलांचे नाटक

हीरक महोत्सवी स्मरणिकेत आपल्या शाळेच्या स्नेहसंमेलनांची छायाचित्रे असतील, आंतरशालेय नाट्यस्पर्धांत मिळालेल्या ढालींची यादी असेल, पडदा ओढणाऱ्या शिपाईमामांची आठवणही कोणी ना कोणी लिहील. महाराष्ट्राबाहेरच्या मराठी शाळेला नाटकाचे प्रेम अंमळ अधिकच असते. घराबाहेर गुजराती, बाजारात हिंदी अशा वातावरणात वाढणाऱ्या मुलाच्या तोंडी अस्खलित मराठी वाक्ये ऐकण्याचे सुख पालकांना वर्षातून एकदा तेथेच लाभते. तेव्हा या परंपरेविषयी लिहिणारे अनेक आहेत. मी मात्र याच अहमदाबाद शहराच्या ईशान्येस, कुबेरनगरला लागून असलेल्या छारानगर नावाच्या वस्तीत १९९८ साली मुलांनी उभ्या केलेल्या एका रंगभूमीचा इतिहास येथे मांडणार आहे. आपल्यापैकी अनेकांनी ते नाव ऐकले असेल ते केवळ गावठी दारूच्या आणि पोलिसांच्या धाडींच्या संदर्भात. बाल व युवा रंगभूमीवर कोणाला स्थान मिळते, आणि ज्यांना मिळत नाही त्यांना ते कसे मिळू शकते, या प्रश्नाचे भारतातील एक भरीव उत्तर आपल्या घरापासून इतक्या जवळ सापडते, हे आपल्यापर्यंत फारसे पोहोचलेले नाही.

प्रथम आपल्या घरचे पाहू. मराठी रंगभूमीचा प्रारंभ आपण विष्णुदास भावे यांच्या १८४३ सालच्या सांगलीच्या प्रयोगापासून धरतो. त्यानंतर जवळजवळ नव्वद वर्षे प्रतिष्ठित मराठी नाटकात स्त्रियांची कामे प्रामुख्याने पुरुष आणि कोवळ्या वयाची मुले करीत. १९३३ साली ‘नाट्यमन्वंतर’ने ‘आंधळ्यांची शाळा’ रंगमंचावर आणले आणि त्यात स्त्रियांनी स्त्रीभूमिका केल्या, ही घटना आज आपण मोठ्या गौरवाने सांगतो. सांगायलाही हवी. पण अर्धा समाज आपल्याच रंगमंचाबाहेर इतका काळ उभा होता, आणि त्या काळातील रसिकांना त्यात काही खटकले नव्हते, ही गोष्टही तिच्याबरोबरच लक्षात राहावी. रंगमंचाचे दार बंद आहे हे आतल्यांना सहसा जाणवत नाही.

बालरंगभूमीची कथा याहून अलीकडची आहे. १९५९ साली सुधा करमरकर यांनी साहित्य संघाच्या आश्रयाने ‘लिटल थिएटर’ सुरू केले आणि रत्नाकर मतकरी यांचे ‘मधुमंजिरी’ हे नाटक सादर केले. १९६२ साली मतकरींनी स्वतःची ‘बालनाट्य’ ही संस्था काढली. ‘अलबत्या गलबत्या’तील चेटकीण पाहून घाबरलेली आणि हसलेली मुले आज आजी-आजोबा झाली आहेत. पुढे १९८६ मध्ये डॉ. मोहन आगाशे यांच्या पुढाकाराने बर्लिनच्या ‘ग्रिप्स’ पद्धतीचे नाटक पुण्यात आले. राक्षस आणि राजकन्या बाजूला सारून मुलांचे खरे प्रश्न, म्हणजे मोठ्यांचा जाच, घरातील भांडणे, गरिबी, त्याने रंगमंचावर आणले. मात्र ग्रिप्समध्ये मुलांच्या भूमिका प्रौढ नट करतात. त्यामागे विचार आहे आणि तो परिणामकारकही ठरला आहे. तरीही मुलांच्या वतीने मोठ्यांनी बोलण्याचीच ती एक रीत राहिली. शिवाय ही सारी रंगभूमी मुख्यतः तिकीट काढून नाट्यगृहात येऊ शकणाऱ्या घरांची. मतकरींना ही मर्यादा जाणवली असावी. झोपडपट्टीतील मुलांमध्ये जाऊन त्यांच्यासोबत नाटक करण्याचे काम त्यांनी दीर्घकाळ केले, आणि उत्तरायुष्यात ठाण्याच्या समता विचार प्रसारक संस्थेसमवेत ‘वंचितांचा रंगमंच’ उभारला. तेथे वस्त्यांतील मुलामुलींनी आपल्याच जगण्यातून नाटिका रचल्या आणि स्वतःच सादर केल्या. पण त्याच्या कितीतरी आधी हे वळण छारानगरने घेतले होते.

छारा समाज कोण, हे समजण्यासाठी १८७१ सालापर्यंत मागे जावे लागते. त्या वर्षी इंग्रज सरकारने गुन्हेगार जमातींचा कायदा केला. कोणतीही जमात सरकारने एकदा ‘गुन्हेगार’ म्हणून घोषित केली की तिच्यात जन्मलेले मूल जन्मतःच गुन्हेगार ठरे. पोलिसांच्या वहीत नाव नोंदवायचे, ठरल्या वेळी हजेरी द्यायची, गाव सोडताना परवाना घ्यायचा. प्रारंभी उत्तर हिंदुस्थानापुरता असलेला हा कायदा विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात मुंबई इलाख्यालाही लागू झाला. काटेरी तारांच्या कुंपणातील वसाहती उभ्या राहिल्या. सोलापुरात त्या वसाहतीचे ‘सेटलमेंट’ हे नाव आजही पत्त्यात लिहिले जाते. सांसी, कंजारभाट या जमातींशी नाते सांगणारे छारा अशाच एका वसाहतीच्या निमित्ताने अहमदाबादेत स्थिरावले. या कायद्याच्या १८९७ सालच्या दुरुस्तीकडे शाळेच्या स्मरणिकेत विशेष लक्ष वेधावेसे वाटते. चार ते अठरा वर्षांच्या मुलांना आईबापांपासून वेगळे काढून सुधारगृहवजा वसाहतीत ठेवण्याची मुभा तिने सरकारला दिली. चार वर्षांचे मूल म्हणजे आपल्या बालवाडीतले.

स्वातंत्र्यानंतर ३१ ऑगस्ट १९५२ रोजी हा कायदा रद्द झाला आणि या जमाती ‘विमुक्त’ ठरल्या. कागदोपत्री मुक्ती मिळाली, परंतु निरनिराळ्या राज्यांनी ‘सराईत गुन्हेगार’ या नावाने नवे कायदे केले. १९५९ सालचा मुंबई राज्याचा असा कायदा द्वैभाषिकाच्या विभाजनानंतर महाराष्ट्र आणि गुजरात या दोन्ही राज्यांच्या वाट्याला आला. कायदा व्यक्तीला उद्देशून असला तरी पोलिसांच्या आणि शेजाऱ्यांच्या मनातील जमातीची वही काही मिटली नाही. छारानगरचा पत्ता सांगितला की नोकरी हुकायची. शाळेत एखाद्याची पेन्सिल हरवली की नजर कोणाकडे वळायची हे सांगायला नको.

आता १९९८ सालाकडे येऊ. त्या वर्षीच्या फेब्रुवारीत पश्चिम बंगालच्या पुरुलिया जिल्ह्यातील अकरबाइद गावचा बुधन शबर हा खेडिया शबर जमातीचा तरुण पोलिसांनी पकडला. १० फेब्रुवारीला पानाच्या टपरीवरून, बायकोच्या डोळ्यांदेखत त्याला नेले. १७ तारखेला तो कोठडीत मरण पावला. त्याने आत्महत्या केली असे सांगण्यात आले. गावकऱ्यांचा त्यावर विश्वास नव्हता. त्यांनी मृतदेह झोपडीच्या जमिनीत पुरून ठेवला आणि गवताचा पुतळा जाळला, कारण प्रेत हाती असल्याखेरीज पुन्हा शवविच्छेदन होणार नव्हते. ज्यांना आपण अडाणी म्हणतो त्या माणसांनी पुरावा जपण्याची केवढी जाण दाखवली! शबर कल्याण समितीने आणि महाश्वेता देवींनी हे प्रकरण कलकत्ता उच्च न्यायालयात नेले. न्यायमूर्ती रुमा पाल यांनी त्याच वर्षी बुधनच्या विधवेला, श्यामलीला, भरपाई देण्याचा आणि केंद्रीय अन्वेषण विभागाकडून चौकशीचा आदेश दिला.

मार्च महिन्यात महाश्वेता देवी व्याख्यानासाठी बडोद्याला आल्या, तेव्हा हे दुःख त्यांच्या मनात ताजे होते. तेथे डॉ. गणेश देवी होते. मूळचे भोरचे, बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात इंग्रजीचे प्राध्यापक राहिलेले, आणि ‘भाषा’ या संस्थेचे संस्थापक. ‘उचल्या’चे लेखक लक्ष्मण गायकवाड यांनीही साथ दिली. उचल्या म्हणून जन्मलेल्या माणसाने स्वतःच्या हाताने लिहिलेल्या त्या आत्मकथनाला १९८८ साली साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला होता. त्याआधी लक्ष्मण माने यांच्या ‘उपरा’ने मराठी वाचकाला हादरवले होते. विमुक्त व भटक्या जमातींच्या हक्कांसाठी या मंडळींनी एक कृतिगट स्थापन केला. ‘बुधन’ या नावाचे वार्तापत्र निघू लागले. मराठी दलित व भटक्या-विमुक्तांच्या साहित्याने ‘आमचे आम्ही सांगू’ हा जो आत्मविश्वास दिला होता, त्याचा एक प्रवाह असा बडोद्यामार्गे छारानगरला पोहोचला, असे मी मानतो. मराठी शाळेच्या स्मरणिकेत या विषयाला जागा असावी याचे हेही एक कारण.

महाश्वेता देवी आणि देवी छारानगरला गेले तेव्हा तेथील मुलांनी काय मागितले? ग्रंथालय. ते सुरू झाले, आणि पुढचे सारे त्या खोलीतून घडले. या क्रमाला मी फार महत्त्व देतो. बाहेरून आलेल्या कार्यकर्त्यांनी संहिता, दिग्दर्शक आणि वेशभूषा घेऊन वस्तीत उतरावे, महिनाभर तालमी घ्याव्यात, प्रयोग करावा, छायाचित्रे काढावीत आणि निघून जावे, हा प्रकार आपण पुष्कळ पाहिला आहे. त्यात मुलांना आनंद मिळतो हे खरे. पण तेथे मूल पाहुणेच राहते. छारानगरात आधी वाचायला, बसायला, वाद घालायला एक स्वतःची जागा आली. नाटक तिच्या पोटी जन्मले.

वार्तापत्रातील बुधनची हकिकत त्या मुलांनी वाचली. तेथलाच एक तरुण, दक्षिण बजरंगे, याने तिच्यावरून नाटक लिहिले. ३१ ऑगस्ट १९९८ रोजी, विमुक्त दिनी, छारानगरातच ‘बुधन’चा पहिला प्रयोग झाला. बुधनच्या मृत्यूला तेव्हा साडेसहा महिनेही झाले नव्हते. त्याच नावावरून गटाचे नाव पडले : बुधन थिएटर. नाट्यगृह नाही, पडदा नाही, प्रकाशयोजना नाही. माणसांच्या घोळक्यात मोकळी जागा करायची आणि शरीराने, आवाजाने सारे उभे करायचे. तीच मुले शबर होतात, तीच शिपाई, तीच गजाआडची भिंत. पोलिसाची भूमिका करण्यासाठी त्यांना निरीक्षणाला कोठे जावे लागले नसेल. आणि शेवटी नट थेट प्रेक्षकांना विचारतात की आम्ही या देशाचे नागरिक आहोत की नाही. टाळ्या वाजवून घरी जाण्याची सोय त्या प्रश्नाने हिरावून घेतली जाते.

येथे एक बाब विचार करण्याजोगी आहे. या मुलांनी प्रथम स्वतःची गोष्ट सांगितली नाही. हजार मैलांहून दूरच्या, भाषाही न कळणाऱ्या शबराची सांगितली. आज वंचित मुलांसोबत काम करणारे अनेक जण पहिल्याच दिवशी म्हणतात, ‘तुझ्या आयुष्याविषयी सांग.’ हेतू चांगला असतो, पण बारा वर्षांच्या मुलावर स्वतःची जखम उघडी करून दाखवण्याची सक्ती त्यातून होते. वडिलांना पोलिसांनी मारले, आई दारू गाळते, हे चारचौघांत सांगायला कोणते मूल तयार होईल? बुधनच्या गोष्टीने त्यांना आडोसा दिला. दुसऱ्याचे दुःख म्हणता म्हणता आपले म्हणता आले. पाहणाऱ्या आईबापांनाही ते आपलेच वाटले. त्यानंतर महाराष्ट्रातील गोष्टही त्यांनी घेतली. १९९८ सालीच बारामतीचा पारधी पिन्या हरी काळे पोलीस कोठडीत मरण पावला होता. त्याच्यावरचे हिंदी नाटक अहमदाबादच्या छारा मुलांनी केले. त्या घटनेवर आपल्या शाळांच्या स्पर्धांत कधी एकांकिका झाल्याचे मला आठवत नाही.

भाषेचा मुद्दाही त्यालाच जोडून येतो. छारांची घरची बोली भांतू. नाटके मुख्यतः हिंदीत, कारण प्रश्न ज्यांना विचारायचा ते हिंदी समजणारे. ती हिंदी व्याकरणशुद्ध असावी असा आग्रह कोणी धरला नाही. आपल्या शालेय नाटकांची निवडचाचणी आठवून पाहा. पहिली कसोटी शुद्ध उच्चारांची. ‘ण’ आणि ‘न’, ‘ळ’ आणि ‘ल’. गिरण्यांच्या भरभराटीच्या काळात आणि नंतरही खानदेशातून आलेल्या कुटुंबांची मुले मराठी शाळांत शिकली. घरात अहिराणी बोलणारे ते मूल या कसोटीवर पहिल्या पाच मिनिटांत गळते. फार तर गड्याची किंवा वेंधळ्या पाहुण्याची भूमिका त्याला मिळते, आणि त्याची बोली हा विनोदाचा विषय होतो. मराठी टिकवण्याची कळकळ येथे मराठीच्याच एका लेकराच्या आड येते. शुद्ध भाषा शिकवू नये असे माझे म्हणणे नाही. ती वर्गात शिकवावी. रंगमंचावर पात्र जेथले असेल तेथली भाषा त्याने बोलावी, आणि कधीतरी त्या भाषेतले पात्र नायक असावे.

छारांविषयी एक वाक्य वारंवार ऐकू येते की ते उपजत नट आहेत. समाजातील कलावंत स्वतःही ते मिस्कीलपणे सांगतात : पूर्वजांना पोटासाठी चोरी करावी लागे, चोरी करताना आणि पकडल्यावर अभिनय करावा लागे, तीच विद्या आम्ही रंगमंचावर आणली. त्यांच्या तोंडी या बोलण्याला धार आहे, कारण ज्या कलंकाने त्यांना दडपले तोच ते हत्यारासारखा परजतात. बाहेरच्याने मात्र हे वाक्य उच्चारताना जपावे. जन्माने चोर म्हणणे आणि जन्माने नट म्हणणे यांची चाल एकच आहे. बुधन थिएटरची मुले तालमींनी नट झाली. त्यांतील काही पुढे राष्ट्रीय नाट्य विद्यालयापर्यंत गेली, काही वकील, पत्रकार आणि चित्रपटकार झाली. दक्षिण बजरंगे यांनी माहितीपट आणि कथापट केले. या गटावरचा ‘प्लीज डोन्ट बीट मी, सर!’ हा माहितीपट २०११ साली प्रदर्शित झाला.

पुढच्या वर्षांत त्यांनी केवळ कोठडीमृत्यूंचीच नाटके केली नाहीत. बादल सरकारांचे ‘भोमा’ केले, फ्रेंच नाटककार ज्याँ जने याच्या ‘द बाल्कनी’वरून ‘एक और बाल्कनी’ रचले. मला यात मोठी समज दिसते. दुर्लक्षित समाजाच्या कलावंताकडून बाहेरचा प्रेक्षक नेहमी अश्रूंची अपेक्षा करतो. त्याने सदैव पीडिताचीच भूमिका करावी, आपण हळहळावे. त्यालाही सत्तेच्या ढोंगावर हसावेसे वाटेल, परदेशी नाटककाराशी झटापट करावीशी वाटेल, हे आपल्या ध्यानात येत नाही. जनेचे नाटक छारानगरने करणे हा त्या अपेक्षेला दिलेला सरळ नकार आहे.

नाटकाने वस्ती बदलली का? अशी विचारणा करणाऱ्याला थोडे सबुरीने उत्तर द्यावे लागते. नाटकाने पोट भरत नाही. दारूचा धंदा वस्तीतून संपलेला नाही. २६ जुलै २०१८ च्या रात्री पोलिसांनी छारानगरात मोठी धाड घातली, आणि दारूशी संबंध नसलेल्यांनाही मारहाण झाल्याची तक्रार रहिवाशांनी केली. नाटकवाल्यांनाही त्याची झळ बसली. वीस वर्षांच्या प्रयोगांनंतरही त्या रात्री पोलिसांच्या लेखी ही वस्ती पूर्वीचीच होती. एवढे मात्र झाले की दुसऱ्या दिवशी वस्तीजवळ आवाज होता. बाजू मांडणारे वकील, वृत्तपत्रांशी बोलणारे तरुण, मिरवणूक शांततेने नेणारे कार्यकर्ते वस्तीतूनच पुढे आले. त्यांतील पुष्कळ जण कधीकाळी ग्रंथालयातल्या तालमींना बसलेले होते.

१९९८ साली ज्यांनी किशोरवयात पहिला ‘बुधन’ केला ते आता चाळिशीत आहेत. त्यांची स्वतःची मुले शाळेत जातात. संध्याकाळी वस्तीतली लहान मुले जमतात तेव्हा त्यांना घोळक्यात मोकळी जागा कशी करायची, भिंत कशी व्हायचे आणि शिपाई कसे व्हायचे हे शिकवणारे शिक्षक बाहेरून आणावे लागत नाहीत.